पिकांची सोशिकता

उन्हाळ्याच्या दिवसांत सज्जांतील कुंडीला एखाद्या दिवशीं पाणी घालावयाचें राहून गेलें, तर दुपारपर्यंत मोगऱ्याचीं पानें मान टाकतात. सायंकाळीं तांब्याभर पाणी मिळालें कीं रात्रींतून तें झाड पुन्हां टवटवीत होतें, आणि घरांतील मंडळी ती गोष्ट विसरूनहि जातात. परंतु त्या चार-सहा तासांत झाडानें स्वतःचा बचाव कसा केला याचा हिशेब मांडूं गेल्यास मोठी विलक्षण हकीकत हातीं लागते. जनावराला उन्हाचा ताप होऊं लागला तर तें उठून सावलींत जाऊन बसतें. झाडाला तो मार्ग मोकळा नाहीं. जेथें बीं रुजलें तेथेंच त्याला ऊन, वारा, थंडी आणि पूर यांस तोंड द्यावें लागतें. त्याला मेंदू नाहीं, मज्जातंतू नाहींत. तरीहि मुळांना लागलेली तहान पानांना कळते आणि पानें त्याप्रमाणें वागूं लागतात. हा निरोप पोंचतो कसा, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. शेतांतील गहूं, भात आणि द्राक्षवेल यांचें जगणें अशाच निरोपांवर अवलंबून असतें. आणि त्या निरोपांत माणसाला हात घालतां येतो असें आढळून आल्यापासून तो प्रश्न शेतकऱ्याच्या पोटाशीं येऊन भिडला आहे.

निरोप नेण्याचें हें काम कांहीं द्रव्यें करतात. झाडाच्या शरीरांत आपोआप तयार होणाऱ्या अशा द्रव्यांना संप्रेरकें म्हणतात; त्यांच्यासारखें किंवा त्यांच्या उलट काम करणारीं जीं द्रव्यें कारखान्यांत बनतात त्यांचीहि त्यांतच गणना करून सर्वांना मिळून वाढीचीं नियामक द्रव्यें असें नांव दिलें जातें. 'नियामक' हा शब्द येथें नीट ध्यानांत घेतला पाहिजे. हीं खतें नव्हत. खत म्हणजे झाडाची शिधासामग्री. नियामक द्रव्य म्हणजे केवळ हुकूम. हुकुमानें पोट भरत नाहीं, परंतु असलेला शिधा कोठें खर्चावयाचा आणि कोठें राखावयाचा हें त्यानें ठरतें. म्हणूनच या द्रव्यांचें प्रमाण अत्यल्प असलें तरी चालतें. दहा लक्ष भागांत एखाददुसरा भाग, कित्येकदां त्याहूनहि कमी.

अशा द्रव्याचा पहिला सुगावा चार्लस डार्विन यास लागला. उतारवयांत त्यानें व त्याचा मुलगा फ्रान्सिस यानें एका गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले. उजेड एका बाजूनें आला कीं कोंब तिकडे वांकतो. पण शेंड्यावर टोपी चढविली तर तो वांकत नाहीं. उजेड जाणतो शेंडा आणि वांकतो मात्र खालचा भाग. तेव्हां शेंड्याकडून कांहीं तरी प्रभाव खालीं उतरत असला पाहिजे, असें अनुमान त्यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें. हॉलंडांतील उट्रेख्ट येथील फ्रिट्स वेंट या तरुणानें १९२६ नंतरच्या दोन वर्षांत हे छाटलेले शेंडे चायना ग्रासच्या जेलीवर ठेवले, त्यांचा प्रभाव जेलींत उतरवून घेतला आणि नुसत्या जेलीच्या तुकड्यानें शेंडा नसलेले कोंब वांकवून दाखविले. प्रभाव म्हणजे द्रव्यच, हें तेव्हां निर्विवाद ठरलें. या द्रव्याला पुढें ऑक्झिन हें नांव मिळालें.

दुसऱ्या द्रव्याचा शोध एका रोगांतून लागला. जपानांतील भाताच्या खाचरांत मधूनच एखादें रोप भलतेंच उंच, फिकट व किडकिडीत वाढतें आणि बहुधा दाणा भरण्यापूर्वींच आडवें होतें. शेतकरी त्याला 'बाकानाए', म्हणजे खुळें रोप, म्हणत. रोपांना हें खूळ लावणारी एक बुरशी असून तिच्यापासून पाझरणाऱ्या द्रव्यामुळेंच हा प्रकार घडतो, असें कुरोसावा या संशोधकानें १९२६ सालीं तैवानांत दाखविलें. याबुता यांनीं १९३५ सालीं त्या द्रव्याला जिबरेलिन असें नांव दिलें. निरोगी झाडेंहि आपल्या वाढीसाठीं बेताबेतानें हेंच द्रव्य निर्माण करतात, ही गोष्ट पुढें १९५० नंतरच्या दशकांत उघडकीस आली. तेव्हां खूळ द्रव्यांत नव्हतें, प्रमाणांत होतें.

तिसरें द्रव्य तर वायुरूप असून महाराष्ट्रांतील घराघरांतून त्याची ओळख आहे, नांव मात्र ठाऊक नसतें. आंब्याची अढी घालतात तेव्हां पेंढ्यांत कोंडलेल्या फळांतून निघणारा इथिलीन वायु एका फळाबरोबर शेजारच्या फळालाहि पिकवितो. सेंट पीटर्सबर्ग येथील नेल्युबोव्ह यानें १९०१ सालीं दिव्याच्या गॅसमधील इथिलीनमुळें वाटाण्याचीं रोपें वेडींवांकडीं वाढतात असें दाखविलें होतें. परंतु फळें हा वायु स्वतःच तयार करतात याचा पुरावा १९३४ सालीं इंग्लंडांत सफरचंदांवरून मिळाला.

कुंडींतील मोगऱ्याला वांचविणारें द्रव्य याहून निराळें आहे. त्याचा छडा १९६० नंतर दोन ठिकाणीं एकाच वेळीं लागला. कॅलिफोर्नियांत कापसाचीं कोवळीं बोंडें कां गळतात याचा शोध चालला होता, तर वेल्समध्यें झाडें हिवाळ्यांत निजतात कशीं याचा. दोघांच्याहि हातीं आलेलें द्रव्य एकच आहे असें १९६५ सालीं ठरलें, आणि गळण्याचें द्रव्य या अर्थानें त्याला ॲब्सिसिक ॲसिड हें नांव पडलें. वास्तविक हें नांव चुकलेलेंच आहे. पानें-फळें गळण्यांत मुख्य हात इथिलीनचा असतो, असें मागाहून दिसून आलें. पण एकदां बारशांत ठेवलेलें नांव शास्त्रांतहि सहसा बदलत नाहीं. या द्रव्याचा खरा धर्म १९६९ सालीं कळून आला. राइट आणि हिरॉन यांनीं गव्हाचीं तोडलेलीं पानें कोमेजूं दिलीं, तेव्हां त्यांतील या द्रव्याचें प्रमाण ४० पटींपर्यंत चढलें होतें.

इतक्या तातडीचें कारण काय? पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारीं असंख्य रंध्रें असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस ओठांसारख्या दोन रक्षकपेशी असतात. त्या पाण्यानें फुगलेल्या असल्या म्हणजे रंध्र उघडें राहतें आणि त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात असते. ॲब्सिसिक ॲसिडचा निरोप आला कीं या पेशींतील पोटॅशियमचा अंश बाहेर पडतो, त्याच्या मागोमाग पाणी जातें, पेशी सैल होतात आणि दार मिटतें. हें सर्व कांहीं मिनिटांत घडून येतें. टोमॅटोची एक सदोष जात अशी आहे कीं तिला हें द्रव्य पुरेसें बनवितां येत नाहीं. तिचीं रंध्रें मिटत नाहींत, आणि थोड्याशा कोरड्या हवेंतहि ती कोमेजून पडते. तिच्यावर ॲब्सिसिक ॲसिड फवारीत राहिलें तर तीच रोपें ताठ उभीं राहतात. याहून सरळ पुरावा मिळणें कठीण.

मात्र या बचावाची किंमत मोजावी लागते. ज्या रंध्रांतून वाफ बाहेर जाते त्यांतूनच कार्बन डायॉक्साइड वायु आंत येतो, आणि त्यापासूनच झाड आपलें अन्न तयार करतें. दार लावून घेतलेल्या घरांत चोर शिरत नाहीं हें खरें, पण दूधवालाहि येऊं शकत नाहीं. रंध्रें मिटलेलें झाड तहानेनें मरत नाहीं. तें थोडथोडें उपाशी राहतें. त्याची वाढ थांबते. पिकांच्या सोशिकतेचें मर्म येथेंच आहे. संकट सोसणें म्हणजे अधिक जोरानें वाढणें नव्हे, तर वेळीच आणि बेतानें थांबणें होय. अमुक औषधाचे चार थेंब फवारले असतां अवर्षणांतहि पीक दुप्पट येतें, अशी जाहिरात जेव्हां केली जाते तेव्हां हें एवढें तत्त्व मनाशीं आणलें तर पुष्कळ पैसे वांचतील.

ॲब्सिसिक ॲसिडचें फवारें मारून कोरडवाहू पिकें वांचवावींत असा विचार अर्थातच अनेकांच्या मनांत आला. परंतु हें द्रव्य दीर्घकाळपर्यंत महाग होतें, सूर्यप्रकाशांत तें बिघडतें, आणि झाड स्वतःच त्याची लवकर विल्हेवाट लावतें. अलीकडे बुरशीच्या साहाय्यानें तें तयार करतां येऊं लागलें आहे, तथापि त्याचा व्यापारी उपयोग काय, तर कांहीं देशांत लाल द्राक्षांना चांगला रंग चढावा म्हणून! तहान भागविण्याच्या कामीं याहून चतुर युक्ति निघाली ती द्रव्य विकत न घेतां निघाली. १९८० नंतरच्या प्रयोगांत रोपाचीं मुळें दोन कुंड्यांत विभागून एका कुंडीस पाणी दिलें आणि दुसरी कोरडी ठेवली. पानांना पाण्याची वाण नव्हती, तरीहि कोरड्या मुळांकडून निरोप जाऊन त्यांनीं आपली वाढ आंखडती घेतली. हेंच तत्त्व घेऊन ऑस्ट्रेलियांतील द्राक्षमळ्यांत १९९० नंतर वेलीच्या एका बाजूस पाणी द्यावयाचें व दुसरी बाजू सुकूं द्यावयाची, कांहीं दिवसांनीं बाजू बदलावयाची, अशी पद्धत बसविण्यांत आली. वेलींचा अनावर फुटवा कमी झाला, पाणी सुमारें निम्म्यावर आलें, आणि द्राक्षांच्या उत्पन्नांत मात्र फारसा फरक पडला नाहीं.

तहानेइतकेंच मोठें संकट वाऱ्यापावसाचें. ओंब्या भरत आलेल्या असतांना वादळी पाऊस आला कीं उंच गहूं लोळतो. लोळलेल्या पिकाचा दाणा पोसत नाहीं, कापणीचे हाल होतात आणि भिजलेलें धान्य शेतांतच खराब होतें. खत जास्त घातलें तर ताट अधिक उंच होऊन तें हमखास लोळावयाचें. म्हणजे चांगली मशागत हाच अपराध ठरावयाचा. अमेरिकेंतील मिशिगन येथें टॉल्बर्ट यांनीं १९६० सालीं क्लोरमेक्वाट नांवाच्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. हें झाडाला जिबरेलिन बनवूं देत नाहीं. त्यामुळें पेरें आंखूड व ताट जाड होतें. युरोपांत गव्हावर तें मोठ्या प्रमाणांत वापरण्यांत येऊं लागलें. जपानांतील खुळ्या रोपाची ही जणूं उलटी बाजू होय.

सायकोसेल या नांवानें हेंच द्रव्य महाराष्ट्रांतील द्राक्षबागायतदारांच्याहि परिचयाचें आहे. एप्रिलमधील खरडछाटणीनंतर वेलीला येणाऱ्या नव्या फुटीचा जोर आवरावा आणि काडींत पुढील हंगामाचे घड धरावेत, यासाठीं तें फवारण्यांत येत असे. त्याचा गुण येतो यांत संशय नाहीं. परंतु २०१० सालीं महाराष्ट्रांतून युरोपांत गेलेल्या द्राक्षांत या द्रव्याचा अंश ठरलेल्या मर्यादेबाहेर आढळला. मर्यादा होती किलोमागें ०.०५ मिलिग्रॅमची. माल तेथें अडकून पडला, आणि वर्षभर खपून पिकविलेल्या घडांचा सौदा ज्यांचा फिसकटला त्या बागायतदारांना फार मोठा फटका बसला. जे देश आपल्या गव्हावर हेंच द्रव्य मोकळ्या हातानें फवारतात आणि गव्हांत त्याचा कितीतरी अधिक अंश चालवून घेतात, त्यांनीं द्राक्षांच्या बाबतींत इतकें काटेकोर व्हावें, हें बागायतदारांना अन्यायाचें वाटलें तर नवल नाहीं. पण मर्यादा पिकापिकाला निराळी असते, आणि वेलीच्या अंगांत शिरलेलें द्रव्य नुसतें पाण्यानें धुवून जात नाहीं. फवाऱ्याच्या उपायांतील मुख्य अडचण यांत दिसून येते. द्रव्य केव्हां, किती आणि कोणत्या हवामानांत द्यावयाचें याचा अंदाज दर वर्षीं नव्यानें बांधावा लागतो, आणि तो चुकला तर भुर्दंड शेतकऱ्यालाच.

मग जो हुकूम बाहेरून द्यावयाचा तो बियाण्यांतच भरून दिला तर? नकळत कां होईना, हें घडलें होतेंच. जपानांतील नोरिन १० या ठेंगण्या गव्हाचें बीं १९४६ सालीं अमेरिकेंत गेलें, त्याचा संकर नॉर्मन बोरलॉग यांनीं मेक्सिकोंत आपल्या गव्हांशीं केला, आणि त्यांतून निघालेल्या बुटक्या जातींचें १८,००० टन बियाणें भारतानें १९६६ सालीं मागविलें. खत खाऊनहि न लोळणारा गहूं पंजाबांत उभा राहिला तो असा. त्याच्या ठेंगणेपणाचें कारण मात्र १९९९ सालीं कळलें: त्या गव्हांतील एका जनुकांत असा बदल झालेला आहे कीं जिबरेलिनचा निरोप आला तरी झाड तो मनावर घेत नाहीं. म्हणजे क्लोरमेक्वाटचा फवारा जें काम दर हंगामांत करतो, तें या बियाण्यानें कायमचें करून ठेवलें. आणि त्यासाठीं शेतकऱ्याला ना पंप घ्यावा लागला ना बाटली.

या विचाराची खरी कसोटी लागली ती भाताच्या खाचरांत. भात पाण्यांत उभा राहणारें पीक असलें तरी बुडून राहणारें नव्हे. ओडिशा, आसाम, बिहार व बंगाल या भागांतील सखल जमिनींवर पुराचें पाणी चढतें आणि लावणी झालेलीं रोपें शेंड्यासकट पाण्याखालीं जातात. अशा वेळीं रोपाच्या आंत एक चमत्कारिक घटना सुरू होते. रोपांत नेहमींच थोडा इथिलीन तयार होत असतो व हवेंत निघून जातो; परंतु वायूंना पाण्यांतून सरकावयास हवेच्या मानानें सुमारें दहा हजार पट वेळ लागतो. तेव्हां अढींतल्याप्रमाणें इथिलीन आंतच कोंडला जातो, आणि कोंडलेल्या इथिलीनवरून रोप समजतें कीं आपण बुडालों. सामान्य भात मग जिबरेलिनच्या जोरावर भराभर उंच होऊं लागतो, डोकें पाण्याबाहेर काढावें या आशेनें. सांठविलेलें पिष्ट या धडपडींत खर्ची पडतें. आठ-दहा दिवसांनीं पाणी ओसरतें तेव्हां उरतें तें लांबलचक, रिकामें झालेलें ताट. तें चिखलांत लोळतें व कुजतें.

ही धडपड प्रत्येक ठिकाणीं मूर्खपणाचीच असते असें नाहीं. बांगलादेश आणि थायलंड यांतील कांहीं खोलगट प्रदेशांत पाणी हळूहळू चढत जाऊन महिनोन् महिने राहतें. तेथील खोल पाण्याच्या भाताला पुराबरोबर वाढण्यावांचून गति नाहीं, आणि तो दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढूं शकतो. त्याला ही शक्ति देणारीं जनुकें जपानी संशोधकांनीं २००९ सालीं शोधून काढलीं. पण जो पूर दहा-बारा दिवसांत ओसरणार, त्याच्याशीं शर्यत लावण्यांत अर्थ नसतो. तेथें श्वास कोंडून स्वस्थ बसणाराच वांचतो.

असा स्वस्थ बसणारा भात ओडिशांतील शेतकऱ्यांजवळ पूर्वापार होता. त्यांच्या एका जुन्या जातींतून एफ्. आर्. १३ ए हें वाण निवडण्यांत आलें होतें. सुमारें दोन आठवडे बुडून राहिलें तरी तें पुन्हां फुटतें. मात्र त्याचें उत्पन्न बेताचें आणि तांदूळहि लोकांच्या पसंतीस न उतरणारा. त्यामुळें संशोधकांच्या बियाण्यांच्या संग्रहांतच तें पडून असे. डेव्हिड मॅकिल व केनोंग शू यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं या वाणाची सोशिकता मुख्यतः एकाच जागेंत सांठविलेली आहे, आणि २००६ सालीं तेथील नेमकें जनुक प्रसिद्ध झालें. त्याला सब-१ ए म्हणतात. कोंडलेल्या इथिलीननें हें जनुक जागें होतें, आणि जागें होतांच जिबरेलिनचा हुकूम दाबून टाकतें. रोप वाढत नाहीं. पिष्ट जपून वापरतें आणि वाट पाहतें.

आंध्रांत निघालेली स्वर्णा ही जात पूर्व भारतांतील शेतकऱ्यांच्या आवडीची. तिच्यांत पिढ्यान् पिढ्यांच्या संकरानें हें एक जनुक आणून बसविण्यांत आलें, आणि स्वर्णा-सब-१ ही जात २००९ सालीं भारतांत शेतकऱ्यांसाठीं खुली झाली. पूर आला नाहीं तर तिचें उत्पन्न स्वर्णाइतकेंच येतें. आणि आलाच, तर शेजारचें शेत कुजत असतांना हिचीं रोपें नवे कोंब काढतात. शिवाय शेतकऱ्याला स्वतःच्या शेतांतील दाणाच पुढील वर्षीं बियाणें म्हणून ठेवतां येतो. ओडिशांतील पाहणीवरून २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष येथें विशेष महत्त्वाचा आहे. सखल, पुरांत बुडणारी जमीन मोठ्या प्रमाणांत अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वांट्यास आलेली असल्यामुळें या बियाण्याचा लाभ त्यांना इतरांपेक्षां अधिक होतो. चांगली जमीन कोणाला व पाणथळ कोणाला हें समाजानें ठरविलें होतें. त्या पाणथळ जमिनीचा भार थोडा हलका झाला तो एका संप्रेरकाला आवर घातल्यामुळें.

या भाताच्याहि शक्तीला मर्यादा आहेत. पाणी दोन आठवड्यांहून फार अधिक राहिलें तर तो टिकत नाहीं, आणि अर्ध्या ताटापर्यंतचें पाणी महिनोन् महिने तुंबून राहिल्यास तेथें सब-१ चा उपयोग होत नाहीं. पण २०११ सालीं एक अनपेक्षित गोष्ट आढळून आली. पूर ओसरला कीं बुडून राहिलेल्या रोपाला एकदम ऊन व मोकळी हवा लागते, आणि भोंवतीं चिखल असूनहि तें सुकूं लागतें. सब-१ ए असलेलें रोप अशा वेळीं ॲब्सिसिक ॲसिडच्या निरोपाला अधिक तत्परतेनें प्रतिसाद देतें, आणि पुढें पाऊस लांबला तरी लवकर सांवरतें. पूर्वेकडील शेतकऱ्याला जुलैंत पूर आणि सप्टेंबरांत ओढ असा दुहेरी अनुभव एकाच हंगामांत येतो. म्हणून कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें सब-१ आणि अवर्षण सोसणारीं जनुकें एकत्र आणून सी. आर्. धान ८०१ व ८०२ या जाती काढल्या, आणि २०१८-१९ च्या सुमारास त्या शेतकऱ्यांसाठीं खुल्या झाल्या.